प्रेमपट ख्रिस्ती नीतिदृष्टीने कसा पारखावा

प्रेमकथेवरचा चित्रपट पाहून झाल्यावर त्याच्या नैतिकतेविषयी बोलायची वेळ आली, की ख्रिस्ती प्रेक्षक बहुधा दोनपैकी एक सोपी वाट धरतो. चुंबने किती आली, शिव्या किती आल्या याची मोजदाद करून निकाल दिला जातो, नाही तर शेवटी प्रेम जिंकले एवढ्यावर समाधान मानले जाते. दोन्ही वेळा चित्रपटाने नेमके काय म्हटले, हे तपासायचे राहूनच जाते. बायबलमधल्या एका पत्रात प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना सर्व गोष्टींची पारख करायला आणि चांगले ते बळकट धरायला सांगतो (१ थेस्सल. ५:२१). प्रेमपटाच्या बाबतीत ती पारख पुढील क्रमाने करता येते.

पाहण्याआधी

चित्रपटाचे वयोगट-प्रमाणपत्र आणि ते कोणत्या कारणाने दिले आहे हे पाहून घ्यावे, आणि आपण कोणत्या गोष्टीला सहज बळी पडतो हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे. एखादा चित्रपट उत्तम असूनही आपल्यासाठी नसू शकतो. तसे वाटले तर तो न पाहणे हाही पूर्ण निर्णय आहे आणि त्याचे समर्थन कोणापुढेही करावे लागत नाही.

एकदा सलग पाहावा

पहिल्यांदा पाहताना टिपणे काढू नयेत. फक्त आपल्या मनाने कोणत्या क्षणी कोणाची बाजू घेतली, कोणते पाऊल नायिकेने एकदाचे उचलावे असे वाटले, ते लक्षात ठेवावे. दिग्दर्शकाने आपल्याला कुठे नेले, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा आपली ही ओढच असते.

कथा केवळ कृतींत मांडावी

आता संगीत, पाऊस, सुंदर चेहरे बाजूला ठेवून कोणी काय केले एवढेच चार-पाच वाक्यांत लिहावे. समजा, लग्न ठरलेल्या एका तरुणीच्या आयुष्यात जुना प्रियकर परत येतो आणि लग्नाच्या आदल्या रात्री ती त्याच्याबरोबर निघून जाते. चित्रपटगृहात हा क्षण सुटकेचा वाटतो. कागदावर मात्र असे उतरते: तिने एका माणसाला दिलेला शब्द मोडला आणि समोर न जाता चिठ्ठी ठेवून त्याला कळवले. ठरलेले लग्न मोडणे हे स्वतःच पाप नव्हे. कधी कधी तेच प्रामाणिकपणाचे असते. प्रश्न तिने ते कसे केले हा आहे, आणि त्याहून अधिक, चित्रपटाने ते आपल्या गळी कसे उतरवले हा आहे.

त्यासाठी त्या नियोजित वराचे प्रसंग पुन्हा पाहावेत. पहिल्याच भेटीत तो जेवताना फोनवर बोलत असतो, तिचे वाक्य मध्येच तोडतो, तिच्या आईच्या आजारपणाची चौकशी करायला विसरतो. त्याला एकटे असे एकही दृश्य मिळत नाही. चिठ्ठी वाचली जाते तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर नसून तिच्या धावत्या गाडीवर असतो. म्हणजे ज्याला दुखवायचे त्याला आधी माणूस म्हणून लहान केले गेले, मग दुखवणे सोपे झाले. माझ्या मते बहुतेक प्रेमपटांची खरी नैतिक परीक्षा शय्यादृश्यात नव्हे, तर अशा दुय्यम पात्रांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीत होते.

दाखवणे आणि गौरवणे यांत फरक करावा

पाप पडद्यावर आले म्हणून चित्रपट त्याज्य ठरत नाही. बायबलमधली राजा दावीद आणि बथशेबा यांची हकीकत (२ शमुवेल ११) व्यभिचारापासून तिचा नवरा उरीया याच्या हत्येपर्यंत काहीच लपवत नाही. पण दाविदाने केलेले परमेश्वराला अनिष्ट वाटले, हे सांगून तो अध्याय संपतो आणि पुढच्याच अध्यायात नाथान संदेष्टा त्या पापाचा जाब विचारायला राजासमोर उभा राहतो.

उलट, शेवटी शिक्षा झाली म्हणून चित्रपट नीतिमान ठरतो असेही नाही. हॉलीवूडने १९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९३४ पासून काटेकोरपणे अमलात आणलेली निर्मिती-संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याची नियमावली, डॅनियल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरू आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक यांच्या पुढाकाराने लिहिली गेली होती. व्यभिचाराचा विषय तिला वर्ज्य नव्हता. त्याचे समर्थन करू नये आणि तो आकर्षक करून दाखवू नये, अशी तिची अट होती. व्यवहारात अनेक निर्मात्यांनी दीड तास मोह रंगवून अखेरच्या काही मिनिटांत प्रायश्चित्त जोडण्याची युक्ती काढली. १९६८ मध्ये त्या संहितेची जागा वयोगटानुसार वर्गीकरणाने घेतली, तरी ती युक्ती टिकून आहे. म्हणून शेवटापेक्षा मधल्या भागाकडे अधिक लक्ष द्यावे.

प्रीतीच्या वर्णनाशी ताडून पाहावे

प्रीती सहनशील आहे, हेवा करीत नाही, गैरवर्तन करीत नाही असे सांगणारा १ करिंथ. १३:४–७ हा उतारा लग्नविधीत इतक्यांदा वाचला जातो, की त्याची धार बोथट झाली आहे. तो नायकाला एकेक करून लावून पाहावा. नकार मिळाल्यावरही पाठलाग करणारा नायक सहनशील आहे, की गैरवर्तन करीत आहे? त्याचा मत्सर प्रेमाचा पुरावा म्हणून दाखवला आहे का? ‘तुझ्यावाचून मी कोणीच नाही’ हे वाक्य कितीही गोड वाटले, तरी देवाची जागा माणसाला देणारे आहे. क्षमेची कथा असेल तर होशेयाचे पुस्तक आठवावे: तिथे व्यभिचारी पत्नीला परत घेताना क्षमा करणाऱ्याला किंमत मोजावी लागते. प्रेमपटांत ती अनेकदा एका मिठीत उरकली जाते.

देहाचे चित्रण

इथे मत्तय ५:२८ सुस्पष्ट आहे: स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे. दृश्य पात्राविषयी काही सांगते, की प्रेक्षकाची वासना चाळवण्यापुरते आहे, हे विचारावे. ते साकारणारी खरी माणसे आहेत, हेही विसरू नये.

निकाल लिहिताना

कलागुण आणि नैतिक भूमिका यांविषयी वेगवेगळे लिहावे, कारण देखण्या चित्रीकरणाने खोटे खरे होत नाही आणि सोज्ज्वळपणाने रटाळ चित्रपट चांगला होत नाही. कशाकशाचे मनन करावे हे सांगणाऱ्या फिलिप्पै. ४:८ ची चाळणी वापरताना त्या यादीत ‘सत्य’ पहिले आहे, हे ध्यानात ठेवावे. विवाहातले दुःख खरेपणाने दाखवणारा कठोर चित्रपट तिच्यातून पार होऊ शकतो आणि सोवळी पण खोटी प्रेमकथा अडकू शकते. ‘गलिच्छ’, ‘पवित्र’ अशा शब्दांऐवजी प्रसंग नमूद करावा आणि चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकासाठी योग्य आहे ते सांगावे. मंडळीतल्या दुसऱ्या कोणाचा निष्कर्ष उलट निघाला, तर रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय दोघांनाही एकमेकांना दोषी ठरवण्यापासून अडवतो. अशा वेळी दोघांनी आपापल्या मताला आधार देणारा एकेक प्रसंग सांगावा आणि चर्चा त्या दोन प्रसंगांपुरती ठेवावी.