एनएमओ : नवा अटॅक वेळेत कसा ओळखायचा

एनएमओ या आजाराचा माझा पहिला अटॅक उचकीने सुरू झाला. नऊ दिवस उचकी आणि उलट्या. मी पोटाचीच औषधं घेत राहिले. मग डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, असं निदान झालं. यात बहुतेकांच्या रक्तात ॲक्वापोरिन-४ या प्रथिनावर उलटलेल्या अँटिबॉडी सापडतात. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांना सर्वाधिक फटका बसतो. मेंदूच्या तळाशी उलटीचं केंद्र असतं. तिथे सूज आली की माझ्यासारखी उचकी लागते.

या आजारात जे नुकसान होतं ते बहुतेक अटॅकमध्येच होतं. म्हणून रोज सकाळी मी एकेक डोळा झाकून औषधाच्या बाटलीचं लाल झाकण बघते. डाव्याला ते आता कायमच विटकरी दिसतं, त्यामुळे तुलना उजव्याशी नाही, कालच्या डाव्याशी करते.

गोंधळ होतो तो जुन्या लक्षणांचा. ताप, ऊन, कढत पाण्याची आंघोळ यांनी जुनी बधिरता पुन्हा जाणवते आणि अंग निवलं की ओसरते. लघवीच्या संसर्गानेही तसंच होतं, म्हणून डॉक्टर आधी लघवी तपासायला सांगतात. नवं लक्षण, किंवा जुनंच वाढून चोवीस तास टिकलेलं, हा अटॅक समजायचा. पण नजर उतरतेय, पाय लटपटतायत किंवा लघवी अडलीय, तर तेवढेही थांबू नका, त्याच दिवशी जा. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, बहुधा रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस देतात. गुण आला नाही तर प्लाझ्मा एक्स्चेंजबद्दल, म्हणजे रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव काढून बदलण्याबद्दल, स्वतःहून विचारा, त्यात उशीर महागात पडतो.

स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका, आणि लस घेण्याआधी विचारा. रिटुक्सिमॅबसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असताना जिवंत विषाणूंची लस टाळतात.

पर्समध्ये आजाराची माहिती लिहिलेला एक कागद असू द्या, म्हणजे चुकीचं औषध टळेल. ॲक्वापोरिन-४ ची अँटिबॉडी २००४ साली सापडली. त्याआधी हा आजार अनेकदा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा दुसरा आजार) समजला जाई, आणि अजूनही गल्लत होते. एमएसची इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही औषधं एनएमओ बिघडवू शकतात. माझ्या कागदावर अँटिबॉडीचा रिपोर्ट, चालू औषधं, शेवटच्या इन्फ्युजनची (शिरेतून घेतलेल्या औषधाची) तारीख आणि न्यूरॉलॉजिस्टचा नंबर आहे. त्याखाली घरच्यांसाठी मोठ्या अक्षरात लिहिलंय : उचकी दोन दिवस थांबली नाही, तर आधी या नंबरवर फोन.