आन से-यंगची मॅच बघायची कशी

आमच्या बेळगावात पोरगी बॅडमिंटनला येते ती स्मॅश शिकायला. पप्पांनी महागडी रॅकेट आधीच घेऊन दिलेली असते. मी ती पिशवीतच ठेवायला लावते आणि आधी कोरियाच्या पोरींच्या, त्यातही आन से-यंगच्या मॅच बघायला सांगते. नुसतं टाळ्या वाजवत बघून काही हाती लागत नाही, म्हणून हे लिहिते.

सुरुवात 2023 च्या जागतिक स्पर्धेच्या फायनलनं करा. कोपनहेगनला समोर होती स्पेनची डावखुरी, आक्रमक कॅरोलिना मारिन, आणि आन से-यंगनं तिला 21-12, 21-10 असं गुंडाळलं. मॅच टीव्हीवर लावा, आवाज बंद, वेग निम्मा. आता एक पुठ्ठा घ्या आणि मारिनची बाजू झाकून टाका. बाजू बदलली की पुठ्ठाही हलवा. घरचे हसतील, हसू देत की.

पुठ्ठा नसला की डोळे शटलमागे धावतात. झाकल्यावर दिसते ती एकटी आन. मारिन फटका मारते त्याच क्षणी आन जागच्या जागी बारीकशी उडी घेते, पाय रुंद टेकवते आणि तिथूनच सुटते. थोड्या वेळानं तुम्हाला पुठ्ठ्यामागचा फटका तिच्या उडीवरून ओळखता येईल. तालमीत पैलवान पवित्रा घेऊन उभा असतो, तसंच हे. फक्त दर फटक्याला नव्यानं. दुसरं बघायचं ते परतणं. ती दर वेळी कोर्टाच्या अगदी मध्यावर येत नाही, शटल ज्या बाजूला दिलंय तिकडे किंचित सरकून थांबते.

दुसरी मॅच हांगझोच्या आशियाई स्पर्धेची फायनल, तीही 2023 चीच. पहिल्या गेममध्येच गुडघा दुखावला, तरी चीनच्या चेन युफेईला 21-18, 17-21, 21-8 हरवलं. इथं पुठ्ठा नको. वहीत कोर्ट काढा आणि प्रत्येक रॅलीचे शेवटचे तीन फटके कुठं पडले ते आकड्यांनी मांडा. शेवटचा फटका बहुतेक वेळा सोपा असतो, खरं काम त्याच्या आधी झालेलं असतं. दुखऱ्या गुडघ्यावर खेळणं मात्र उचलू नका. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये सोनं जिंकल्यावर, म्हणजे 1996 च्या बांग सू-ह्यूननंतर कोरियाला महिला एकेरीत पहिल्यांदाच ते मिळाल्यावर, आननं स्वतःच जाहीर तक्रार केली की आपली दुखापत राष्ट्रीय संघात हलक्यात घेतली गेली.

मग अंगणात या. रांगोळीनं 6.70 मीटर लांब आणि 5.18 मीटर रुंद चौकोन आखा. एकेरीचं अर्धं कोर्ट एवढंच असतं. नेटजवळचे दोन कोपरे, मागचे दोन आणि दोन्ही कडांचे मध्य अशा सहा खुणा करा. मैत्रीण नेटच्या जागी उभी राहून बोट दाखवेल. तुम्ही उडी, धाव, हवेत फटका, परत मध्ये. वीस सेकंद पळा, चाळीस सेकंद थांबा. पाय जड झाले आणि उडी विसरायला लागलात की तिथंच थांबा, पुढचं सगळं चुकीचंच पक्कं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे रांगोळी टिकायची नाही, तेव्हा हॉलमध्ये खडूनं आखा. ओल्या शहाबादी फरशीवर अजिबात नको, पाय सटकतो. बूटही पळायचे नकोत, त्यांची टाच जाड असते आणि घोटा मुरगळतो.

दुखलंखुपलं तर त्या दिवशी घरी बसून 2022 ची उबर कप, म्हणजे महिलांच्या सांघिक जागतिक स्पर्धेची फायनल लावा. बँकॉकला आन पहिलीच मॅच चेन युफेईकडून हरली, तरी कोरियानं चीनला 3-2 हरवलं. दोन्ही दुहेरी जिंकल्या, आणि शेवटची एकेरी सिम यू-जिननं काढली. तिनं पहिली गेम 28-26 अशी जिंकली. ती मात्र पूर्ण वेगानं आणि आवाज लावून बघा.