कीकॅडमध्ये एकच नेट उजळून कसं तपासायचं

वावरातल्या मोटरीच्या ऑटो स्विचचा बोर्ड तळहाताएवढा असतो. पण त्यावर ४१५ व्होल्टचे फेज आणि १२ व्होल्टचा रिले, टायमर हे सगळं एकाच पाटीवर बसवायचं असतं. लाइन रात्री येते तेव्हा मोटर सुरू करायला तिथे कोणी नसतं, म्हणून बोर्ड फॅक्टरीला पाठवण्याआधी कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नेट, म्हणजे एकमेकांना जोडायच्या पिनांचा एकेक गट, वेगळं उजळून पाहायलाच हवं.

सुरुवात स्किमॅटिकपासून, म्हणजे सर्किटच्या आकृतीपासून करा. नाव न दिलेल्या नेटला कीकॅड स्वतःच पार्ट आणि पिनवरून लांबलचक नाव देतो, आणि ते यादीत ओळखू येत नाही. एल दाबून लेबल लावा: तीन फेजना आर, वाय, बी, मग प्लस१२ आणि जीएनडी (ग्राउंड). स्पेलिंग सगळीकडे सारखंच ठेवा, कारण कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत लिहिलेलं जीएनडी ही दोन वेगळी नेट धरली जातात. मग पीसीबी एडिटरमध्ये एफ८ दाबून बोर्ड अपडेट करा.

आता माउस ट्रॅकवर (तांब्याच्या रेषेवर) किंवा पॅडवर (पार्ट सोल्डर करायच्या ठिपक्यावर) नेऊन बॅकटिक (`) दाबा. ही की १ च्या डावीकडे असते. त्या नेटचे पॅड, ट्रॅक, व्हाया (थर जोडणारी छिद्रं), झोन (तांब्याने भरलेले भाग) उजळतात आणि बाकीचं मंद होतं. शिफ्टसोबत तीच की दाबली की उजेड जातो. की दाबून काहीच झालं नाही तर कीबोर्ड मराठीवर राहिलाय का ते आधी बघा. उजव्या बाजूच्या अपिअरन्स पॅनेलमधल्या नेट्स टॅबवरही नेटच्या नावावर राइट क्लिक करून हेच करता येतं. दाट बोर्डावर ते सोपं पडतं.

त्याच टॅबमध्ये नेटला कायमचा रंग देता येतो. आर लाल, वाय पिवळा, बी निळा ठेवा, म्हणजे डीपीवरच्या तारांशी मेळ बसतो. रंग दिला तरी ट्रॅक जुन्याच रंगात दिसत असेल तर खालच्या नेट डिस्प्ले ऑप्शन्समध्ये नेट कलर्स 'ऑल' करा. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो रंग फक्त रॅट्सनेस्टच्या, म्हणजे अजून न जोडलेल्या जागा दाखवणाऱ्या बारीक रेषांना लागतो.

इथेच बहुतेकांची फसगत होते. उजळलं म्हणजे जोडलं गेलं असं नाही. कीकॅड नेटच्या नावावरून उजळतो, तांबं सलग आहे की नाही त्यावरून नाही. ट्रॅक पॅडपासून अर्धा मिलिमीटर आधी थांबला असला, तरी दोन्ही तुकडे सारखेच चमकतात. म्हणून ट्रॅकचा एक तुकडा निवडून यू दाबा, पुन्हा पुन्हा दाबा. निवड पसरत जाते आणि तांबं तुटलंय तिथे थांबते. झोनमधून झालेल्या जोडणीसाठी मात्र यूवर विसंबू नका. बी दाबून झोन भरा आणि इन्स्पेक्ट मेनूतून डीआरसी, म्हणजे डिझाइनचे नियम तपासणारी चाचणी चालवा. अनकनेक्टेड आयटम्समध्ये एकही ओळ उरता कामा नये. झोन न भरता डीआरसी चालवली तर जीएनडीच्या खोट्या चुका निघतात आणि खरी चूक त्या गर्दीत दडून जाते.

शेवटी अंतर तपासा. आर उजळा, कंट्रोल-शिफ्ट-एम दाबून मोजपट्टी घ्या आणि १२ व्होल्टच्या सर्वात जवळच्या तांब्यापर्यंत मोजा. मग वाय आणि बी. किमान ८ मिमी ठेवा. वावरातल्या पेटीत धूळ बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि त्या थरातून करंट सरपटतो, त्यामुळे बोर्डावरच्या हिरव्या लेपाला, सोल्डर मास्कला इन्सुलेशन समजू नका. रिलेखाली कॉइल आणि कॉन्टॅक्टच्या पॅडमध्ये एवढी जागा मिळत नसेल तर मधे खाच कापा, तीही पुरत नसेल तर रिले बदला. जीएनडीचा झोन नंतर पसरून फेजच्या जवळ येऊ नये म्हणून फेज आणि १२ व्होल्टमधल्या पट्ट्यावर झोन भरायला मनाई करणारा रूल एरिया आखा. तो आखल्यावर बी पुन्हा दाबा, नाहीतर जुनंच भरलेलं तांबं फॅक्टरीला द्यायच्या गर्बर फाइलमध्ये जाऊ शकतं.