तोरिनोत बाहेर जेवायला जाताना

रांजणगावच्या फियाटमधून दोन वर्षांच्या कामावर आलेले असोत की पोलितेक्निकोत, म्हणजे इथल्या तंत्रविद्यापीठात, मास्टर्स करायला आलेली मुलं-मुली, इटलीतल्या तोरिनोत (ट्युरिनमध्ये) उतरल्यावर सगळ्यांचा प्रश्न ठरलेला: इथे बाहेर खायचं काय? जुन्यांपैकी निम्मे सांगतात, "शाकाहारी असाल तर नाद सोडा, घरी कुकर लावा." उरलेले म्हणतात, "पिझ्झा मार्गेरिता खायचा आणि घरी यायचं." असले सल्ले ऐकून माणसं या शहरात वर्षानुवर्षं राहतात आणि स्टेशनजवळची भारतीय हॉटेलं नि केबाबची दुकानं एवढंच बघून परत जातात. मला याचं फार वाईट वाटतं. तोरिनोचा हा पिएमोंते प्रांत खाण्यावर जीव असलेला मुलूख आहे, आणि गल्लीतल्या साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खानावळीत, आपल्यालाही पोटभर आणि निर्धास्त जेवता येतं. काय विचारायचं ते मात्र ठाऊक हवं. ते सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून लिहितेय.

वेळा आधी. स्वयंपाकघर दुपारी साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळात हॉटेलाचं दार उघडं दिसलं तरी जेवण मिळणार नाही. बरीच ठिकाणं रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद. ऑगस्टमध्ये, १५ तारखेच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीच्या आगेमागे, गल्लीतली हॉटेलं दोन-तीन आठवडे कुलूप लावून समुद्रावर जातात. त्या महिन्यात आईवडिलांना बोलावणार असाल तर हे लक्षात असू द्या.

आत गेल्या गेल्या रिकामं टेबल बघून बसायचं नाही. दाराशी थांबा, "बुओनासेरा" म्हणा, किती जण आहात ते सांगा, बसवतील तिथे बसा. एवढं केलंत की पुढचा सगळा वेळ वेटर तुमच्याशी वेगळा वागतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की नव्या माणसाला पहिलं हेच शिकवते.

आता शाकाहार. "सोनो वेजेतारिआना", पुरुष असाल तर "वेजेतारिआनो", म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं सांगून भागत नाही. "सेन्झा कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात मांसाचा तुकडा येतो. प्रोशुत्तो (डुकराच्या मांडीचे पातळ काप), ट्यूना, अँचोव्ही (खारवलेले छोटे मासे) यांना तो कार्नेमध्ये धरेलच असं नाही. पास्तात प्रोशुत्तोचे बारीक तुकडे निघाल्यावर डोळ्यांत पाणी आलेली मुलगी मी पाहिली आहे, आणि काय चुकलं तेच न कळलेला वेटरही. त्याने लबाडी केली नव्हती. त्यामुळे एक वाक्य पाठच करा: "निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते प्रोशुत्तो, निएन्ते ब्रोदो दी कार्ने." मांस नको, मासे नकोत, प्रोशुत्तो नको, मांसाचं पाणी नको. अंडं चालत नसेल तर "निएन्ते उओवा" जोडा.

यातलं शेवटचं, ब्रोदोचं, आपली माणसं हमखास विसरतात. रिसोत्तो साध्या पाण्यात शिजत नाही, ब्रोदोत शिजतो. तो भाज्यांचा असेल, कोंबडीचा असेल, गोमांसाचाही असेल. मेन्यूवर लिहिलेलं नसतं. मिलानोच्या पद्धतीचा केशर घातलेला पिवळाधमक रिसोत्तो बघून आपल्याला केशरीभात आठवतो, पण त्यात परंपरेने गुराच्या हाडातली मज्जा पडते. मिनेस्त्रोने आणि राजम्यासारख्या दाण्यांचं पास्ता ए फाजोली यांतही पांचेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाचं मांस, किंवा डुकराची चरबी घालणारे आहेत. नाव भाजीचं आहे म्हणून पदार्थ शाकाहारी धरू नका.

आपल्या तोरिनोतला सगळ्यात मोठा चकवा म्हणजे बान्या काउदा. हिवाळ्यात टेबलावर मातीचं छोटं भांडं येतं, खाली मेणबत्ती तेवत असते, भोवती भाज्यांचं भरगच्च ताट: ढोबळी मिरची, कोबी, बीट, उकडलेले बटाटे, कार्दो नावाची देठांची भाजी. बघणाऱ्याला वाटतं, चला, एकदाचं आपलं जेवण आलं. पण भांड्यातला तो तपकिरी, लसणाचा वास सुटलेला ऐवज म्हणजे तेलात विरघळवलेल्या अँचोव्ही असतात. भाजलेल्या लाल ढोबळी मिरच्यांवरही तोच घालून देतात. दक्षिणेकडचा चीमे दी रापा ही पालेभाजी घातलेला ओरेक्किएत्ते पास्ताही बहुतेकदा अँचोव्हीसकटच असतो.

यावर एक पक्का उपाय आहे आणि तो कुणीच वापरत नाही. युरोपीय संघाच्या कायद्याने डिसेंबर २०१४ पासून प्रत्येक हॉटेलाला १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. कायद्यातल्या यादीत ३ क्रमांक अंड्याचा, ४ माशाचा, ७ दुधाचा. पुष्कळ ठिकाणी पदार्थाच्या नावापुढे हेच आकडे बारीक अक्षरांत छापलेले असतात. क्रम बदललेला असू शकतो, म्हणून शेवटच्या पानावरची यादी बघून घ्या. नसेल तर "ला लिस्ता देल्यी अलेर्जेनी" मागा. लपलेली अँचोव्ही आणि अंडं घातलेला ताजा पास्ता दोन्ही तिथे सापडतात. मांस, चरबी आणि ब्रोदो मात्र त्या यादीत येत नाहीत. ते तोंडानेच विचारायचं.

मग खायचं काय? पहिल्यांदा जाणार असाल तर फारिनाता मिळते अशा पिझ्झेरियात जा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या गोल तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वरून मिरपूड. कडा कुरकुरीत, आतून मऊसूत, थेट आपल्या बेसनाच्या धिरड्याची बहीण. मूळची ती लिगुरियाकडची, जेनोव्हाची, पण तोरिनोत पिझ्झ्याआधी खायची जुनी पद्धत आहे. अंडं नाही, दूध नाही. गरम असतानाच खा, गार झाली की तिच्यात काही राम राहत नाही. तिच्यानंतर पिझ्झा अल पादेल्लिनो, छोट्या गोल तव्यात भाजलेला, जाड आणि लुसलुशीत. हा खास या शहराचा आहे. नापोलीचा पातळ पिझ्झा कुठेही मिळेल.

त्रात्तोरियात लोणी आणि सेजच्या पानांतले तायारिन, म्हणजे पास्ताच्या बारीक पट्ट्या, मागा. त्यांत अंड्याचा बलक भरपूर असतो, हे अंडं न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. न्योक्की अल्ला बावा हे चीजमध्ये घोळवलेले बटाट्याचे गोळे थंडीत फार सुंदर लागतात. पेन्ने अल्लाराब्ब्याताला टोमॅटो, लसूण आणि सुकी मिरची. सुक्या पास्तात बहुधा अंडं नसतं, वर चीज नको म्हटलंत तर कडक शाकाहारी माणसालाही चालतं. कुठेच काही सापडलं नाही तर "स्पागेत्ती आल्यो, ओलिओ ए पेपेरोंचिनो" मागा, लसूण, तेल आणि मिरचीतली. मेन्यूवर नसली तरी कुठलंही स्वयंपाकघर दहा-पंधरा मिनिटांत करून देतं. लहान मुलांसाठी "पास्ता इन ब्यांको", नुसत्या लोण्या-तेलातला पास्ता, न कुरकुरता मिळतो. इथल्या लोकांना मुलांचं मनापासून कौतुक आहे. पोर रडलं तर शेजारच्या टेबलावरची आजी त्याला खेळवायला येते.

जेवण सपक वाटलं तर "ओलिओ पिक्कान्ते" मागा, मिरचीचं तेल देतील. पिशवीतून ठेच्याची बाटली काढून टेबलावर ठेवू नका. "यांच्या जेवणात मसालाच नसतो" असं चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ते मराठीत असतं म्हणून कुणाला कळत नाही असं समजू नका, तोंडावरून सगळं कळतं. पदार्थातून हे काढा, ते घाला असंही फार करू नका. इटालियन स्वयंपाकी नाही म्हणतो, कारण त्याच्या मते तो पदार्थ मग तो पदार्थ उरत नाही. त्यापेक्षा आपल्याला काय चालत नाही ते सांगा आणि "कोसा मी कोन्सील्या?", तुम्ही काय सुचवाल, असं विचारा. त्यालाच सुचवू दिलंत की तो जीव ओतून करतो.

चीजबद्दल स्पष्ट सांगते. पार्मिज्यानो रेज्यानो आणि ग्राना पादानो या दोन्हींना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, लागतं, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. हे त्यांच्या नियमावलीतच आहे, कंपनी बदलून फरक पडत नाही. पेस्तोतही हीच चीजं असतात आणि खऱ्या म्हशीच्या कांपानियाच्या मोझ्झारेल्लालाही वासराचंच रेनेट. मास्कारपोने तेवढं आम्ल घालून घट्ट करतात. हे आपल्याला चालतं की नाही ते घरीच ठरवून या. मार्गेरिता खाणाऱ्या नव्या मुलीला "मग तू कसली शाकाहारी" म्हणून टोचणारे आणि चीज न खाणाऱ्या काकांना हसणारे, दोघेही मला सारखेच नकोसे वाटतात. चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा आहे: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. त्यात चीज नसतंच.

गोडात पान्ना कोत्ता टाळा, ती जिलेटिनने धरते. बोनेत हे पुडिंग अंड्यांचं. बिचेरिन बिनधास्त प्या: कॉफी, चॉकलेट आणि साय. जेवणानंतर कापुचिनो मागितला तर देतात, कुणी रागवत नाही.

मांसाहारी पण गोमांस न खाणाऱ्यांसाठी: मान्झो, वितेल्लो, फास्सोना, ब्राझातो हे गाई-वासराच्या मांसाचे शब्द दिसले की थांबा. ब्रेझाओला हे रुकोलाच्या पानांवर येणारे गुलाबी पातळ काप म्हणजे गोमांसच. रागू या मांसाच्या सॉसमध्ये बहुधा गाय आणि डुक्कर दोन्ही असतात आणि आन्योलोत्ती या भरलेल्या पास्ताच्या पोटातही मांसच. कोंबडी त्रात्तोरियात फारशी मिळत नाही.

आता मासे, आणि इथे कोकणातल्या मंडळींनी कान देऊन ऐकावं. मेन्यूवर ओराता किंवा ब्रान्झिनो या माशांपुढे ७ युरो दिसले तर शेजारी "अल्लेत्तो" लिहिलंय का ते बघा. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. किंमत अख्ख्या माशाची नसते. ओळखीतल्या एका मुलाचे आईवडील रत्नागिरीहून आले होते. बाबांनी बर्फावरचे मासे बघितले, कल्ले उचलून ताजेपणा पारखला आणि हौसेने सगळ्यात मोठे दोन निवडले. वेटरने काट्यावर ठेवून वजन सांगितलं, इटालियनमध्ये. सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. एक मासा एक किलो दोनशे ग्रॅमचा निघाला, म्हणजे ८४ युरो. दुसरा किलोला जरा कमी. नुसत्या माशांचेच दीडशे युरो झाले, आणि पैसे मुलाच्या स्कॉलरशिपमधून गेले. तो महिना त्याने कसा काढला ते मला ठाऊक आहे. हॉटेलाने फसवलं नव्हतं, भाव छापलेला होता. तेव्हा मासा काट्यावर असतानाच विचारा: "क्वान्तो व्येने इन तुत्तो?" सगळे मिळून किती होतील? आकडा युरोत ऐका, जास्त वाटला तर लहान मासा दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखं काहीच नाही, इटालियन माणसंही विचारतात. मोठ्या बिस्तेक्कालाही (स्टेकलाही) हाच हिशेब, आणि ट्रफल (महागडी सुगंधी अळंबी) किसून घेण्याआधीही भाव विचारा. पाहुणे बरोबर असले की संकोचापायी आपण गप्प बसतो, आणि नेमक्या तेव्हाच हा फटका बसतो. पुन्हा सांगते, एत्तो बघा.

बिलात कोपेर्तो दिसेल, माणशी साधारण दोन-तीन युरो. ते बसण्याचे आणि पावाचे असतात, पाव खाल्ला नाही तरी द्यायचे. मेन्यूवर छापलेलं असेल तर भांडून उपयोग नाही. रोमच्या लात्सिओ प्रांतात २००६ पासून यावर बंदी आहे, आपल्या पिएमोंतेत नाही. पाणी बाटलीचंच येतं आणि त्याचे पैसे पडतात. फुकटचं हवं तर रस्त्यावरच्या हिरव्या बैलतोंडी तोरेत नळावर बाटली भरून घ्या, ते पाणी उत्तम आहे. टिपेची सक्ती नाही. बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही, "इल कोन्तो, पेर फावोरे" म्हणावं लागतं. दुपारचा ठरावीक मेन्यू, एक प्रीमो (पास्ता किंवा रिसोत्तोसारखा पहिला पदार्थ), एखादी भाजी, पाणी आणि कॉफी, बारा ते पंधरा युरोंत होतो. नव्या हॉटेलाची ओळख त्यानेच करून घ्या. बिल वाटायचं तर तिथे बसून कुणी पाणी प्यायलं नि कुणी नाही याचा हिशेब मांडू नका. एकाने भरा, बाकीचं घरी फोनवर.

गणपतीनंतर आपला दहा-पंधरा जणांचा घोळका एकदम बाहेर पडतो, तेव्हा आधी टेबल सांगून ठेवा. फोन बारा किंवा सातच्या सुमारास करा, गर्दी सुरू व्हायच्या आत. किती जण, किती वाजता, त्यातले शाकाहारी किती आणि मुलांसाठी उंच खुर्ची हवी का, एवढं सांगितलंत तर स्वयंपाकी तयारीत असतो. साताठ जणच येणार असतील तर पुन्हा फोन करून कळवा. वीस खुर्च्यांच्या हॉटेलात आपल्यासाठी अडवून ठेवलेलं टेबल रिकामं राहिलं तर त्या घराचं त्या रात्रीचं नुकसान होतं, आणि पुढच्या वेळी मराठी मुलांनी फोन केला की टेबल मिळत नाही. आमच्या भागात एका ठिकाणी हे झालेलं आहे.