गाणं एक, हक्क दोन: मुंबईत रेकॉर्डिंगच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मुंबईत गाणी करायला आलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो: स्पॉटिफायवर एका प्लेमागे किती मिळतात? याला एक आकडा नाही. कुणी छातीठोकपणे सांगितलाच, तर त्या माणसापासून चार हात लांब राहा. बहुतेक स्ट्रीमिंग सेवा ठरावीक दर देतच नाहीत. महिन्याची वर्गणी आणि जाहिरातींचा पैसा एकत्र गोळा होतो, सेवा आपला हिस्सा काढून घेते आणि उरलेला पैसा एकूण प्लेमध्ये कुणाचे किती, त्या प्रमाणात वाटला जातो. आपल्याकडे बहुतेक लोक वर्गणी भरत नाहीत, जाहिराती सोसून फुकट ऐकतात, त्यामुळे वाटायला येणारी रक्कम मुळातच लहान असते. त्यात 2024 पासून स्पॉटिफायने नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत 1,000 प्ले झाले नसतील, तर त्या रेकॉर्डिंगला काहीच मिळणार नाही.

हे वाचून घाबरू नका, पण हिशेब मात्र नीट समजून घ्या. 2024 मध्ये जगभरातल्या ध्वनिमुद्रित संगीताची कमाई 29.6 अब्ज डॉलर होती आणि त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त स्ट्रीमिंगमधून आली. म्हणजे पैसा आटलेला नाही, तो यायची वाट बदलली आहे. कॅसेटच्या काळात गिऱ्हाईक दुकानात एकदाच पैसे मोजायचं. नंतर घरी ते गाणं हजारदा वाजलं तरी कुणाला दमडी मिळत नसे. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने स्वस्त कॅसेट काढून एचएमव्हीची मक्तेदारी मोडली तेव्हाही हिशेब विक्रीचाच होता. मग सीडी आली, मग कॉलर ट्यून. कॉलर ट्यूनवर काही वर्षं या धंद्याने खरोखर चैन केली. 2011 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायला लावली आणि तो झरा बघता बघता आटला. 2016 मध्ये काळा घोड्याचं रिदम हाउस हे गाण्यांचं जुनं दुकान बंद झालं, तेव्हा आमच्यापैकी कितीतरी जण अक्षरशः हळहळलो.

आता पैसा विक्रीच्या दिवशी येत नाही. तो प्रत्येक प्लेमागे थेंबथेंब येतो आणि वर्षानुवर्षं येत राहतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षं चालतो. शब्द आणि चाल यांच्यावरचा तर रचनाकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं. मराठीत हे आणखी मोलाचं आहे, कारण आपली गाणी सणाला परत येतात. गणपतीचं गाणं दर भाद्रपदात उठतं, भीमजयंतीचं एप्रिलमध्ये, शिवजयंतीचं फेब्रुवारीत. एकरकमी पैसे घेऊन मोकळं होणं कॅसेटच्या काळात कदाचित शहाणपणाचं होतं. आज त्यासारखा तोट्याचा व्यवहार नाही.

आणि तरीही पहिल्या गाण्याला तुमच्यासमोर जो कागद येईल तो एकरकमीचाच असेल.

इथे मी थांबून सविस्तर सांगणार आहे, कारण मी स्वतः यात अडकले होते आणि त्यातून बाहेर यायला फार काळ गेला. एका लेबलसाठी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीसाठी, मी गणपतीचं एक गाणं केलं. चाल माझी, शब्द माझ्या मैत्रिणीचे, अरेंजमेंटही, म्हणजे वाद्यांची बांधणी, माझी. अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं, मिक्स होऊन मास्टर, म्हणजे अंतिम रेकॉर्डिंग, लेबलकडे गेला, आणि मग कागद आला: सर्व हक्क, सर्व माध्यमं, जगभर, कायमचे. ज्यांच्या हाताखाली मी म्युझिक प्रोग्रामिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर वाद्यं-ताल बांधणं, शिकले ते दादा म्हणाले, "अगं, सही कर. गाणं बाहेर तर येऊ दे." मी सही केली, पैसे घेतले आणि मनात पक्कं धरलं की हे गाणं आता आपलं राहिलं नाही. दर गणपतीत ते मंडपातून ऐकू यायचं. रिक्षात रेडिओवर लागायचं. मी म्हणायचे, विकलंय ना, संपलं.

संपलेलं नव्हतं. हे मला कळलं ते एका ज्येष्ठ गीतकार काकांमुळे. त्यांनी सहज विचारलं, "तुझं वर्क आयपीआरएसमध्ये नोंदवलंयस ना?" मला प्रश्नच कळला नाही.

नीट समजून घ्या. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल. ती कुणीही, कुठल्याही आवाजात गायली तरी तीच रचना राहते. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, त्या दिवशी त्या स्टुडिओत झालेला मास्टर. प्ले झाला की दोन वेगळ्या वाटांनी पैसा निघतो. रेकॉर्डिंगचा पैसा डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲपवर चढवणाऱ्या कंपनीमार्फत, लेबलकडे जातो आणि लेबलशी तुमचा जो करार असेल त्याप्रमाणे तुमच्याकडे येतो, किंवा येत नाही. रचनेचा पैसा आयपीआरएससारख्या, रचनेच्या वापराचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट सोसायटीमार्फत गीतकार, संगीतकार आणि रचनेचा हक्क घेणाऱ्या प्रकाशकाकडे जातो. नव्या पोरांचं सगळं लक्ष पहिल्या वाटेकडे असतं. डिस्ट्रिब्युटरच्या ॲपमध्ये रोज आकडे दिसतात ना, म्हणून. दुसरी वाट आहे हेच ठाऊक नसतं.

ही दुसरी वाट फुकट मिळालेली नाही. साठच्या दशकात लतादीदींनी गायकांच्या रॉयल्टीचा, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या चालू वाट्याचा, आग्रह धरला, त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचा अबोला झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण संगीतकार-गीतकारांची अडचण कायद्यातच होती. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे देऊन काम करून घेणारा चित्रपट निर्माता हाच त्या संगीताचा पहिला मालक. त्यानंतर पस्तीस वर्षं कागदावर सही झाली की रचनाकाराच्या हातात काही उरत नसे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी बोलले आणि 21 जून 2012 पासून ती लागू झाली. तिचा गाभा असा: शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट तुम्ही देऊन टाकू शकता, पण त्यातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा देऊन टाकू शकत नाही. तो फक्त तुमच्या वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. करारात "मी रॉयल्टीचा हक्क सोडत आहे" असं लिहून खाली तुमची सही असली, तरी त्या ओळीला कायद्यापुढे किंमत नाही. चित्रपटगीताला एक अपवाद आहे. चित्रगृहात सिनेमासोबत गाणं वाजतं त्याची रॉयल्टी मिळत नाही. बाकी सगळीकडची मिळते. गैरफिल्मी गाण्याला तो अपवादही नाही.

मग माझे पैसे गेले कुठे? लेबलने गाणं चढवताना संगीतकाराच्या रकान्यात माझं नाव लिहिलं नव्हतं, स्वतःचं लिहिलं होतं. मैत्रिणीचं नाव तर कुठेच नव्हतं. आम्ही दोघी आयपीआरएसच्या सभासद नव्हतो, रचना नोंदलेली नव्हती. हक्क कायद्याने आमचा होता, पण पैसे ज्या यादीवरून वाटले जातात त्या यादीत आम्ही नव्हतो. कायदा तुमच्या घरी चेक घेऊन येत नाही. नोंद नाही तर वाटप नाही, एवढंच. पुढे आम्ही सभासद झालो, नावं दुरुस्त करून घेतली आणि आता त्या गाण्याचे पैसे येतात. थोडेच, पण दर वर्षी. मधल्या वर्षांचं मात्र हाती काही लागलं नाही.

म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते, रेकॉर्डिंगच्या दिवशीच, स्टुडिओतून बाहेर पडायच्या आधी, एका कागदावर लिहा: गाण्याचं नाव, चाल कुणाची, शब्द कुणाचे, रचनेत कुणाचे किती टक्के. सगळ्यांच्या सह्या घ्या, फोटो काढून सगळ्यांना पाठवा. चहा पिता पिता होणारं काम आहे. गाणं चाललं की मग याच चार ओळींवरून घट्ट मैत्र्या तुटताना मी पाहिल्या आहेत. "आपल्यात कशाला कागद?" असं म्हणणारा माणूस प्रेमळ असेल, पण कागद करायचाच. आणि अरेंजर-प्रोग्रामर मंडळींनी खास लक्ष द्या: हुक, म्हणजे गाण्याचा मनात बसणारा तुकडा, तुम्ही बांधलं असेल तर चालीत तुमचा वाटा आहे की नाही, हे तेव्हाच बोलून घ्या. "म्युझिक प्रोग्रामिंग" या श्रेयाखाली रचनेची रॉयल्टी येत नाही.

नावाचं इंग्रजी स्पेलिंग आयुष्यभर एकच ठेवा. हे क्षुल्लक वाटतं, पण आडनावातल्या एका जास्तीच्या अक्षराने तुमचीच दोन गाणी दोन वेगळ्या माणसांच्या नावावर पडतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळखीसाठी बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड असतो, तो जपून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलताना जुनाच कोड द्या, नाहीतर साठलेले प्ले मागे राहतात. गीतकारांनी शब्द आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथाकार-गीतकारांच्या संघटनेत नोंदवून घ्यावेत, मगच चाल लावायला कुणाला पाठवावेत. गायकांसाठी वेगळी संस्था आहे, पूर्वीची इस्रा, आताची इसाम्रा, कारण गायकाचा हक्क रचनाकाराच्या हक्कापेक्षा निराळा आहे. ऑनलाइन विकत घेतलेले लूप, म्हणजे ताल-सुरांचे तयार तुकडे, वापरत असाल तर परवाना वाचा, कारण तोच लूप दुसऱ्या कुणाच्या गाण्यात असेल तर यूट्यूब तुमच्या गाण्यावर दावा लावू शकतं.

कराराविषयी आणखी थोडं. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. सही करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा उल्लेख कागदात नसेल, तर ते त्या करारात येत नाही. म्हणून "कायमचे" हा शब्द खोडायला सांगा. नाही खोडला तर मुदत दहा-पंधरा वर्षांवर आणायचा प्रयत्न करा. छोटी लेबलं ऐकतात, मोठी नव्या माणसाचं सहसा ऐकत नाहीत. पण विचारल्याने काम गेलं असं मी तरी पाहिलेलं नाही.

आता मार्गदर्शकांविषयी, कारण हे कुणी उघड बोलत नाही. "गाणं बाहेर तर येऊ दे" म्हणणारे दादा वाईट नव्हते. ते रोखीच्या काळात वाढले. शिफ्ट संपली की पाकीट हातात, त्यांचं घर त्यावरच उभं राहिलं. कला त्यांच्याकडूनच शिका. तालमीला, वेळेच्या शिस्तीला, वादकांशी बोलण्याच्या रीतीला त्यांच्या तोडीचं कुणी नाही. पण करार त्यांना दाखवू नका, वकिलाला दाखवा. शुल्क परवडत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून एकदा एक करार वाचून घ्या, पुढच्या सगळ्या करारांना तोच अभ्यास कामी येतो. आणि ओशिवऱ्यात "म्युझिक बिझनेस मास्टरक्लास" विकणाऱ्यांना पैसे देण्याआधी विचारा की त्यांच्या स्वतःच्या किती रचना नोंदलेल्या आहेत. उत्तर टाळलं तर उठा.

प्ले विकत घेऊ नका. कुणी सांगेल पाच हजारांत लाख प्ले, प्लेलिस्टमध्ये जागा. 2024 पासून बनावट प्ले सापडले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं आणि डिस्ट्रिब्युटर तो तुमच्यावर टाकतो, कधी गाणंच उतरवतो. असे प्ले रॉयल्टीच्या हिशेबातही धरले जात नाहीत. दंड भरून, गाणं गमावून, वर नाव खराब.

रेडिओला कमी लेखू नका. एफएम कंपन्यांचं म्हणणं होतं की त्या रेकॉर्डिंगचे पैसे लेबलला देतात, रचनेचे वेगळे द्यायची गरज नाही. एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटलं की 2012 च्या दुरुस्तीनंतर रचनाकारांनाही रॉयल्टी द्यावीच लागेल. आपल्याच शहरातल्या न्यायालयाचा हा आदेश, आणि त्याचा फायदा ज्यांची रचना नोंदलेली आहे त्यांनाच.

पहिली दोन-तीन वर्षं रॉयल्टीवर घर चालणार नाही. सेशनची कामं (दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणं-गाणं), जिंगल, शिकवण्या, कार्यक्रम हे करावंच लागेल, त्यात कमीपणा काही नाही. मी अजूनही करते. मालाडच्या खोलीचं भाडं प्लेमधून निघत नाही, म्हणून गाण्यात काही अर्थ नाही असं समजू नका. नोंदलेलं प्रत्येक गाणं मागे साठत जातं.

ज्यांनी आधीच सह्या केल्या आहेत त्यांनी हा आठवडा यासाठी द्या. जुने करार काढा आणि तारीख बघा. जून 2012 नंतरचे असतील तर रचनेचा तुमचा वाटा जिवंत आहे. स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याचं श्रेय उघडून गीतकार आणि संगीतकाराच्या जागी कुणाचं नाव आहे ते पाहा. चुकीचं असेल तर लेबलला लेखी कळवा, फोनवर नको, आणि पोच ठेवा. त्याच दिवशी आयपीआरएसच्या सभासदत्वाचा अर्ज भरा. पॅन, बँकेचे तपशील आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्यांची माहिती हाताशी ठेवा. गणपतीचं गाणं असेल तर ही दुरुस्ती श्रावण लागायच्या आत उरका.