वर्गात एआय आणताना या चुका टाळा

स्मार्ट टीव्ही आला, नेट आलं, आता मुलांना एआयपण शिकवा, असा आग्रह पालकसभेत होऊ लागलाय. शिकवायला काहीच हरकत नाही. पण गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते: मुलाने पेन्सिल हातात घ्यायच्या आधीच उत्तर पडद्यावर आलेलं असतं.

एआयची ओळख "उत्तर सांगणारा" अशी करून देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तुर्कस्तानात हायस्कूलच्या सुमारे 1000 मुलांना गणिताच्या सरावासाठी चॅटजीपीटीसारखं साधन देऊन पाहिलं गेलं. सरावातले गुण 48 टक्क्यांनी वाढले. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांनी ते कधी वापरलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा या मुलांचे गुण 17 टक्क्यांनी कमी भरले. दुसऱ्या एका गटाच्या साधनाला शिक्षकांनी आधीच बजावलं होतं, की थेट उत्तर द्यायचं नाही, फक्त सूचक मदत करायची. त्या गटाचं हे नुकसान बरंचसं टळलं.

आपल्या वर्गात हे असं करता येईल. अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. एआयला लिहा: "तू पाचवीतला मुलगा आहेस. 1/2 + 1/3 = 2/5 असं तुला ठामपणे वाटतं. तुझी रीत समजावून सांग." आता चूक शोधायची मुलांनी, आणि तीही आधी वहीत. कुणीतरी म्हणेल, छेद सारखे केलेच नाहीत. एखादी मुलगी त्याहून पुढे जाईल: अर्ध्या भाकरीत अजून भाकरी घातली, मग ती अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली? (2/5 हे अर्ध्याहून कमीच आहे!) असा प्रश्न वर्गातून आला, की तास वसूल.

यात एक अडचण हमखास येते. मुलांनी जरा हटकलं, की एआय लगेच "अगदी बरोबर, माझी चूक झाली" म्हणत 5/6 सांगून मोकळा होतो. म्हणून सूचनेतच जोडा: "तीन वेगवेगळी कारणं ऐकल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, आणि बरोबर उत्तर सांगायचं नाही." तरी फुटला, तर नवीन चॅट उघडा. त्याच चॅटमध्ये वाद घालण्यात अर्थ नसतो.

मराठीत विचारलं म्हणजे पुस्तकातलं मिळेल असं धरून चालणं

एआयच्या मराठी गणितात मधूनच हिंदी घुसते. छेदाचा "हर" होतो, लसाविच्या जागी "लघुत्तम समापवर्त्य" येतं आणि मुलांना वाटतं हा नवाच धडा आहे. नुसतं नाव सांगून कवितेचा अर्थ विचारलात, तर कवितेत नसलेल्या ओळीही बिनदिक्कत मिळतात. दोन्हींवर उपाय एकच: पाठ्यपुस्तकातलं ते पान फोटो काढून किंवा टाइप करून द्या आणि "यातलेच शब्द वापर" असं सांगा. तरीही मुलांसमोर ठेवण्याआधी स्वतः वाचा.

आईच्या फोनवरून मुलाचं खातं

चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान 13 वर्षांचा हवा आणि 18 पर्यंत पालकांची परवानगी हवी. वर्गातल्या वापरासाठी युनेस्कोनेही 2023 मध्ये 13 हीच किमान मर्यादा सुचवली आहे. भारताच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच आहे. त्यामुळे सातवीपर्यंत तरी एकच पडदा, तो शिक्षकांच्या ताब्यात, आणि काय टाइप करायचं ते मुलांनी सांगायचं. घरी फोन नसलेलं मूल यात मागे पडत नाही, हा वेगळा फायदा.

इथे आपलीही एक सवय तपासायला हवी. वर्णनात्मक नोंदी लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, म्हणून मुलांची नावं आणि गुणांचा तक्ता एआयमध्ये टाकला जातो. नावं टाकूच नका. आणि चाळीस मुलं एकाच सुरात "उत्साहाने सहभागी होतात" अशा नोंदी घेऊन पुढच्या वर्गात गेली, तर त्या नोंदी काय कामाच्या?

निबंध एआयने लिहिला का, हे दुसऱ्या यंत्राला विचारणं

असली साधनं भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. त्यापेक्षा मुलाला जवळ बोलवा, निबंधातलं एक वाक्य दाखवा आणि "हे तुला कुठून सुचलं?" एवढंच विचारा. ज्याने लिहिलंय तो बोलत सुटतो.

नेट नाही म्हणून तास रद्द

एआय कसं चालतं हे शिकवायला नेट लागतच नाही. फळ्यावर लिहा: "सकाळी उठून मी दात…" सगळा वर्ग एका आवाजात पूर्ण करेल. मग लिहा: "गोठ्यात … बांधली आहे." आता गाय, म्हैस, शेळी अशी फाटाफूट होईल. हात वर करायला लावून मतं मोजा, आकडे फळ्यावर मांडा. आधी वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा एआय असाच अंदाज बांधतो, हे सांगायला आता दोन वाक्यं पुरतात. त्यानंतर मुलांना विचारा, शेजारच्या गावात सगळ्यांकडे म्हशीच असतील, तर तिथल्या फळ्यावर काय आकडे येतील?