आधी एक काकू शोधा: एआयच्या धास्तीत प्रोग्रामिंग कसं सुरू करावं

जुलै 2025 मध्ये टीसीएसने 12 हजारांहून जास्त लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा मी नऱ्ह्यातल्या आमच्या फ्लॅटवर भांडी घासत होते. बीएस्सी होऊन वर्ष उलटलेलं, नोकरी नाही, आणि सांगलीहून आईचा फोन, "टीव्हीवर काय सांगतायत गं? तू आपली बँकेच्या परीक्षा दे." तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता बाणेरच्या एका 14 माणसांच्या कंपनीत मी कोड लिहिते, तर कॉलेजच्या ज्युनिअर मुली विचारतात, "ताई, आता शिकून उपयोग आहे का?" व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी हे मान्य करा की भीती अगदीच खोटी नाही. फॉर्म बनव, टेस्ट लिही, रिपोर्टला एक कॉलम वाढव, अशी जी कामं फ्रेशरच्या गळ्यात पडायची ती एआय चहा गार व्हायच्या आत करून देतो. पण या भीतीचा धंदा करणारेही बरेच आहेत. मी कर्वेनगरच्या एका क्लासला 45 हजार भरून बसले होते. तिथे बॅचमधल्या 30 जणांनी एकच शॉपिंगची वेबसाइट बनवली. पहिल्याच इंटरव्ह्यूत समोरचे सर माझा बायोडेटा चाळून म्हणाले, "ही वेबसाइट सकाळपासून चौथ्यांदा बघतोय." हसायला आलं नाही तेव्हा. शिकायचंच असेल तर हार्वर्डचा सीएस फिफ्टी हा कोर्स इंटरनेटवर फुकट आहे. शिस्तीत, पूर्ण वेळ बसायचं असेल तर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा पदविका कोर्स करा. क्लासचं पुराण इथे संपवते.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्याचा हिशोब अजून वहीत आहे आणि तुमच्या प्रोग्रामची जो खरंच वाट बघेल, असं एक माणूस शोधा. घरमालक, सोसायटीचा सेक्रेटरी, झेरॉक्सवाला, कुणीही. मला आमच्या डबेवाल्या काकू मिळाल्या. धायरी, नऱ्हे, आंबेगाव मिळून 70 डबे, आणि महिनाअखेर आली की खाड्यांवरून पोरांशी वाद. मी म्हटलं, मी तुम्हाला हिशोबाचा प्रोग्राम करून देते. फी ठरली महिनाभर फुकट डबा.

एआयने 20 मिनिटांत देखणा प्रोग्राम दिला. एकूण दिवसांतून खाडे वजा करायचे, उरलेल्याला दराने गुणायचं. काकूंनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "असा हिशोब केला तर दोन महिन्यांत शेगडी विकावी लागेल." मग एकेक नियम बाहेर यायला लागला. खाडा आदल्या रात्री 9 च्या आत कळवला तरच धरायचा. सलग 3 दिवस असेल तरच पैसे कापायचे. रविवारी एकच वेळचा डबा. आणि आजारी पडलेल्याला यातलं काहीच लागू नाही, "तापाने फणफणलेल्या पोराचे पैसे कोण घेतं?" यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं. चार दुपारी मी त्यांच्या ओट्याशेजारी मटार सोलत बसले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे हे उतरवलं. तिसऱ्या दुपारी मी विचारलं, "सलग 3 दिवसांत मध्ये रविवार आला तर?" काकूंचा हात थांबला. 11 वर्षं डबे देऊनही त्यांनी हे कधी ठरवलंच नव्हतं. दोघींनी मिळून ठरवलं: रविवार अर्धा धरायचा.

तुम्हीही असंच करा. माणूस मिळाला की पहिला आठवडा कोडला हात लावू नका. नुसतं विचारा, आणि "असं झालं तर?" हा प्रश्न निदान दहादा विचारा.

दुसरा प्रसंग जरा बारकाव्याचा आहे. डबे पोचवणाऱ्या मुलासाठी भागानुसार यादी हवी होती. नऱ्हे निवडलं तर 11 नावं आली. काकू म्हणाल्या, "नऱ्ह्यात 11? शक्यच नाही, तिथे जाताना दोन पिशव्या लागतात." कोड तपासला, बरोबर होता. एआयला विचारलं तर म्हणाला युनिकोड नॉर्मलाइज करा, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या पद्धतीने साठवलेलं असेल तर ते एकसारखं करून घ्या. केलं. पुन्हा 11. शेवटी मी गावाच्या नावातली चिन्हं संगणकाला मोजायला लावली. काही नऱ्हे 5 चिन्हांचे निघाले, काही 6 चिन्हांचे. काकूंच्या फोनवर 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन 'नऱ्हे' लिहिलं जात होतं. त्यांच्या भाच्याच्या जुन्या एक्सेल शीटमध्ये साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह होतं, म्हणजे 'नर्‍हे'. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन गावं. नॉर्मलाइज केल्याने ते न दिसणारं चिन्ह जात नाही, ते आपणच बदलून घ्यावं लागतं. हे कळल्यावर एआयनेच एका ओळीत दुरुस्ती दिली आणि नऱ्ह्याचे 26 डबे झाले. पण काहीतरी चुकतंय हे ओळखलं ते काकूंनी, पिशव्यांवरून. त्या रात्री मी आईला फोन करून हेच सांगितलं. तिला जॉइनर कळला नाही, 26 डबे कळले. बँकेच्या परीक्षेचं नाव तिने त्यानंतर काढलं नाही.

एआय वापरू नका असं मी म्हणत नाही, मी रोज वापरते. फक्त क्रम पाळा. पहिला अर्धा तास कागद आणि पेन. मग एआय. मग त्याने दिलेली प्रत्येक ओळ मोठ्याने समजावून सांगा, रूममेटला किंवा भिंतीला. जी सांगता येत नाही ती पुसा आणि स्वतः लिहा. शिवाय एक वही ठेवा: डावीकडे एआय काय म्हणाला, उजवीकडे खरं काय निघालं. निराश वाटलं की रील बघण्यापेक्षा ती वही चाळा.

काम किती झालं हे घड्याळावर ठरवा, वाटण्यावर ठरवू नका. एआयची क्षमता तपासणाऱ्या मेटर या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली 246 कामं देऊन पाहिली. एआय घेऊन केलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण 20 टक्के लवकर उरकलं. साधनं त्यानंतर सुधारली आहेत, त्यामुळे हा आकडा कुणाच्या तोंडावर फेकायला नका वापरू. मी त्यातून एवढंच घेतलं की मोबाइलवर टायमर लावायचा.

पैशाचं म्हणाल तर स्वतःला मुदत द्या आणि तोवर हातात काहीतरी ठेवा. मी आठवीच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घेत होते. भाडं सुटायचं, आणि रिकाम्या खिशाने इंटरव्ह्यूला जाताना आवाज कापतो तसा कापायचा नाही. बातम्या आठवड्यातून एकदा, रविवारी. एकटं वाटलं तर पायथॉन पुणे या प्रोग्रामरांच्या गटाच्या मीटअपला जाऊन मागच्या रांगेत बसा, कुणी हाकलत नाही.

सध्याच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मी शॉपिंगची वेबसाइट दाखवलीच नाही. नऱ्हेची गोष्ट सांगितली. समोरच्या मॅडमनी दोन्ही नऱ्हे स्वतः टाइप करून बघितले आणि पुढचा पाऊण तास आम्ही खाड्यांच्या नियमांवर बोललो.

काकूंचा प्रोग्राम अजून चालू आहे. या रविवारी धायरीला जायचंय. संकष्टीचा उपवास करणाऱ्या पोरांना रात्रीचा डबा चंद्रोदयानंतर हवा असतो आणि पोचवणारा मुलगा साडेसातलाच निघतो. त्याची दुसरी फेरी कुणाच्या हिशोबात धरायची, हे अजून काकूंनाही ठरवता आलेलं नाही.